संविधान सभेतील समारोपाचे भाषण आणि भिक्खुसंघाची कार्यपद्धती

दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मसुद्यावरील चर्चेला उत्तर देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केले, ते आपल्या राष्ट्राच्या मूलभूत मूल्यांचा सर्वांत स्पष्ट उच्चार आहे, असे आम्ही मानतो. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, संविधान स्वीकृत झाले. २०१५ पासून तो दिवस देशभर संविधान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते, प्रतिमेस पुष्पमाला अर्पण होते आणि सभा संपते. आदल्या दिवशीचे भाषण मात्र बहुधा न वाचताच राहते. फार तर त्यातील दोन-तीन वाक्ये भित्तिपत्रकांवर दिसतात. अशी सुटी वाक्ये भाषणाचा युक्तिवाद सांगू शकत नाहीत. तो युक्तिवाद आरंभापासून शेवटपर्यंत एका सूत्रात ओवलेला आहे आणि त्या सूत्राची एक गाठ थेट विनयपिटकात आहे. प्रस्तुत लेखात ती गाठ उलगडून दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

भाषणाची रचना

भाषणाचा पहिला भाग हिशेबाचा आहे. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली. तेव्हापासून कार्य पूर्ण होईपर्यंत दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस लागले. या काळात सभेची अकरा अधिवेशने झाली. मसुदा समितीची निवड २९ ऑगस्ट १९४७ रोजी झाली. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अखेरच्या स्वरूपात संविधानात ३९५ अनुच्छेद व ८ अनुसूची होत्या. हा तपशील देऊन बाबासाहेब विलंबाच्या आक्षेपास उत्तर देतात. श्रेयाचा वाटा बी. एन. राव व मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना देतात आणि टीकाकार सभासदांचेही आभार मानतात. विरोधाचा सूर काढणारे सभासद नसते, तर सभेचे कामकाज नीरस झाले असते, असे ते म्हणतात. विरोधकाचे आभार मानण्याची ही रीत पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हवी.

दुसऱ्या भागात आक्षेपांची चिकित्सा आहे. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारी माणसे वाईट असतील तर ते वाईट ठरेल, हा सुप्रसिद्ध विचार येथेच येतो.

तिसरा भाग भविष्याविषयीचा आहे आणि तेथे स्वर पालटतो. २६ जानेवारी १९५० रोजी भारत स्वतंत्र प्रजासत्ताक होईल. पण त्या स्वातंत्र्याचे काय होईल? भारत एकदा आपले स्वातंत्र्य गमावून बसला होता आणि तेही स्वकीयांच्या फितुरीमुळे. दाहिर राजाच्या सेनापतींपासून १८५७ पर्यंतचे दाखले देऊन बाबासाहेब पहिला प्रश्न उभा करतात : इतिहासाची पुनरावृत्ती होईल काय? लगेच दुसरा प्रश्न येतो. लोकशाहीचे काय होईल? तीही भारताला नवी नव्हती. तीही भारताने गमावली. ती दुसऱ्यांदा गमावली जाईल काय?

या दुसऱ्या प्रश्नाच्या पायाशी बाबासाहेबांनी भिक्खुसंघाची साक्ष ठेवली आहे. प्राचीन भारतात गणराज्ये होती, एवढे सांगून ते थांबत नाहीत. संघ म्हणजे संसदच होती, असे सांगून ते नियमांची यादी देतात : आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, प्रतोद, मतगणना, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, कार्याचे नियमितीकरण आणि निर्णीत वाद पुन्हा न उकरण्याचा नियम. तथागतांनी हे नियम तत्कालीन राजकीय सभांच्या कार्यपद्धतीवरून घेतले असावेत, असेही ते नमूद करतात.

पुष्कळ वाचक हा परिच्छेद केवळ प्राचीन वैभवाचे स्मरण म्हणून ओलांडून जातात. आमच्या मते तो भाषणाचा बिजागर आहे. भारतीय समाजाला लोकशाही पेलणारच नाही, या शंकेला तो उत्तर देतो; आणि एकदा आत्मसात झालेली पद्धतही हरवू शकते, ही धास्तीही तोच निर्माण करतो. म्हणून यादीतील शब्दांमागे मूळ पाली ग्रंथांत नेमके काय आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

विनयपिटकाची साक्ष

संघाच्या कोणत्याही अधिकृत कार्यास 'संघकम्म' म्हणतात. त्याची सुरुवात 'ञत्ती'ने होते. ञत्ति म्हणजे संघापुढे विषय रीतसर ठेवणे, आजच्या भाषेत प्रस्ताव. त्यानंतर 'अनुस्सावन', म्हणजे ठरावाची घोषणा. सामान्य कार्यात ञत्तीनंतर एकदा घोषणा होते, त्यास 'ञत्तिदुतियकम्म' म्हणतात. उपसंपदेसारख्या गंभीर कार्यात घोषणा तीन वेळा होते, ते 'ञत्तिचतुत्थकम्म'. ज्यांना संमत असेल त्यांनी मौन राखावे व ज्यांना संमत नसेल त्यांनी बोलावे, असे प्रत्येक घोषणेत सांगितले जाते. तीनदा विचारण्याचा अर्थ उघड आहे. पहिल्या वेळी संकोचाने गप्प राहिलेल्यास आणखी दोन संधी मिळतात. मौन ही संमती तेव्हाच ठरते, जेव्हा बोलण्याची मुभा खरीखुरी दिलेली असते.

गणसंख्येचे नियम महावग्गाच्या चम्पेय्यक्खन्धकात आहेत. चार, पाच, दहा, वीस व वीसहून अधिक असे संघाचे पाच प्रकार सांगून कोणत्या संख्येने कोणते कार्य करावे, हे ठरविले आहे. मध्यदेशात उपसंपदेला दहा भिक्खू लागत. पण अवंतीसारख्या सीमावर्ती प्रदेशात भिक्खू थोडे, म्हणून महाकच्चायनांच्या विनंतीवरून तेथे विनयधरासह पाच भिक्खूंची संख्या पुरेशी मानली गेली. नियम कडक होता, परंतु परिस्थिती पाहून तो रीतसर बदलता येत होता. बाबासाहेबांनी ज्याला प्रतोद म्हटले, तो पालीतील 'गणपूरक' असावा. या शब्दाचा मूळ अर्थ 'गणसंख्या पुरी करणारा' एवढाच आहे. आजारी भिक्खूस सभेत येता येत नसेल, तर त्याने आपला 'छन्द', म्हणजे संमती, दुसऱ्याच्या हाती पाठवावयाची असे. गैरहजर सभासदास हिशेबातून वगळण्याची सोय संघाला नव्हती. तसे केल्यास ते 'वग्गकम्म', अपुऱ्या संघाचे कार्य ठरे व रद्द होई.

मतभेद मिटविण्याचे सात उपाय चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात आहेत. त्यांतील 'येभुय्यसिका' म्हणजे बहुमताने निर्णय. मतदानासाठी 'सलाका', म्हणजे काड्या, वापरीत. त्या वाटून गोळा करणारा सलाकागाहापक संघाने ञत्तिपूर्वक नेमावयाचा असे. तो छंद, द्वेष, मोह व भय या चारांच्या आहारी न जाणारा आणि काय घेतले, काय घेतले नाही, याचे भान असणारा हवा, अशा त्याच्या पाच पात्रता सांगितल्या आहेत. मतदानाच्या पद्धती तीन : 'गूळ्हक' म्हणजे गुप्त, 'सकण्णजप्पक' म्हणजे कानात सांगून, आणि 'विवटक' म्हणजे उघड.

मोठ्या सभेत वाद सुटेना, तर निवडक भिक्खूंची समिती नेमीत. तिला 'उब्बाहिका' म्हणतात. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत सातशे भिक्खू जमले होते. चर्चा लांबत चालली, तेव्हा पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार अशा आठ स्थविरांची उब्बाहिका नेमली गेली. अजित नावाच्या भिक्खूस आसने मांडण्याचे काम देण्यात आले. 'आसनपञ्ञापक' हे ते पद, आणि बाबासाहेबांच्या यादीतील आसनव्यवस्था हीच. रीतसर मिटलेला वाद जाणूनबुजून पुन्हा उकरणे हा तर पातिमोक्खातील त्रेसष्टावा पाचित्तिय दोष आहे. निंदाव्यंजक ठरावाशी जुळणारे 'तज्जनीयकम्म' चुल्लवग्गाच्या आरंभीच येते. ज्याच्यावर ते करावयाचे त्याला समोर न बोलावता, त्याच्यावर आरोप न ठेवता, त्याला दोषाचे स्मरण न देता केलेले तज्जनीयकम्म अवैध ठरते.

येथे अभ्यासकाने एक मर्यादा प्रांजळपणे सांगावयास हवी. संघ हे राज्य नव्हते. त्याच्या सभेत कर बसत नसे, सैन्य पाठविले जात नसे. सामान्य प्रजेने निवडून दिलेले ते मंडळ नव्हते. भिक्खुणींना समान दर्जा नव्हता. गुप्त मतदानात धर्मविरोधी पक्षाची संख्या अधिक आहे असे सलाकागाहापकास दिसले, तर त्याने ते मतदान रद्द समजावे, असाही नियम आहे. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याला असा अधिकार कोणी देणार नाही. परंतु या नियमामागील विचार फेकून देण्याजोगा नाही. बहुमत हे धम्माहून श्रेष्ठ नाही, हा तो विचार होय. संविधानाने तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. मूलभूत हक्कांचे कुंपण घालून व न्यायालये नेमून त्याने बहुमताला मर्यादा घातली. ती मर्यादा एका माणसाच्या हाती ठेवली नाही. हा फरक मान्य करूनही साधर्म्य उरतेच.

पहिला इशारा : मार्ग

लोकशाही केवळ स्वरूपात नव्हे, तर वस्तुतः टिकवावयाची असेल, तर काय करावे? बाबासाहेब तीन गोष्टी सांगतात. पहिली, सामाजिक व आर्थिक उद्दिष्टांसाठी संवैधानिक मार्गांचाच अवलंब करणे. रक्तरंजित क्रांती तर नकोच. पण असहकार, कायदेभंग व सत्याग्रह हेही मार्ग आता सोडले पाहिजेत, कारण संवैधानिक मार्ग मोकळा असताना त्यांचा अवलंब ही अराजकाची बाराखडी होय.

महाडचा १९२७ चा व नाशिकचा १९३० चा सत्याग्रह ज्यांनी उभा केला, त्यांचे हे बोल आहेत. म्हणून ते सत्तेची सोय पाहणाऱ्याचे बोल म्हणून वाचता येत नाहीत. त्यांतील अट महत्त्वाची आहे : मार्ग मोकळा असला पाहिजे. संवैधानिक मार्ग उपलब्धच नव्हते, तेव्हा असंवैधानिक मार्गांना बरेच समर्थन होते, असे ते स्वतःच म्हणतात. संघकम्मातील शिस्तीचा अर्थही असाच आहे. तीन वेळा विचारणा होते, म्हणूनच नंतर वाद उकरणे दोषास्पद ठरते. जेथे विचारणाच होत नाही, तेथे मौनाचा आग्रह धरता येत नाही.

चम्पेय्यक्खन्धकाची सुरुवात या दृष्टीने मननीय आहे. काशी जनपदातील वासभगाम येथे कस्सपगोत्त नावाचा भिक्खू आगंतुक भिक्खूंची सेवा करीत असे. काही काळाने, आता त्यांना येथील माहिती झाली आहे असे पाहून, त्याने त्यांच्या भोजनाची खटपट थांबविली. रुष्ट झालेल्या पाहुण्यांनी त्यास दोषी ठरवून बहिष्कृत केले. ते अनेक होते, हा एकटा होता. त्याने भांडण केले नाही व अन्याय मुकाट्याने गिळलाही नाही. तो चंपा नगरीस तथागतांकडे गेला. तथागतांनी निर्णय दिला की, यात दोष नाही आणि ते कार्य अधर्माचे असल्याने अवैध आहे. बहुसंख्यांनी केलेले कार्यही नियमबाह्य असेल तर रद्द होते आणि एकट्या माणसाला दाद मागता येते, हा संवैधानिक मार्गाचा गाभा होय.

दुसरा इशारा : व्यक्तिपूजा

दुसरी गोष्ट सांगताना बाबासाहेब जॉन स्टुअर्ट मिलचा इशारा उद्धृत करतात. माणूस कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये, त्याच्या हाती संस्था उलथून टाकण्याइतकी सत्ता देऊ नये. देशाची आयुष्यभर सेवा करणाऱ्यांविषयी कृतज्ञता असावी, पण कृतज्ञतेलाही सीमा आहेत. धर्मात भक्ती कदाचित आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल. राजकारणात मात्र ती अधोगतीचा व अखेर हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे आहे.

मज्झिमनिकायाच्या गोपकमोग्गल्लान सुत्तातील प्रसंग येथे आठवावा. महापरिनिर्वाणानंतर मगधाचा महामात्य वस्सकार आनंदांना विचारतो की, तथागतांनी आपल्या मागे सर्वांचा आधार म्हणून एखाद्या भिक्खूची नेमणूक केली आहे काय? आनंद उत्तरतात : नाही. मग संघाने कोणाला निवडले आहे काय? तेही नाही. मग आधाराविना तुमच्यात एकोपा कसा राहतो? आनंदांचे उत्तर असे की, आम्ही आधाराविना नाही, धम्म हा आमचा आधार आहे. उपोसथाच्या दिवशी एका ग्रामक्षेत्रातील सर्व भिक्खू एकत्र येतात, पातिमोक्ख म्हणतात. कोणाचा दोष असेल तर धम्मानुसार त्याची वासलात लावतात. राजनीतिज्ञाला व्यक्ती हवी होती. आनंदांनी त्याला नियम दाखविला.

संयुत्तनिकायातील पवारणा सुत्तात तर स्वतः तथागत सावत्थीच्या पुब्बारामात भिक्खुसंघापुढे बसून विचारतात की, माझ्या कायिक किंवा वाचिक आचरणात निंदनीय असे काही आपणास दिसते काय? ज्या परंपरेत शास्ताच आपली चिकित्सा करण्यास सांगतो, त्या परंपरेतून बाबासाहेबांचा दुसरा इशारा समजून घेतला पाहिजे. मग तो आपल्यालाही लागू होतो. त्यांच्या प्रतिमेस माला अर्पण करणे आणि त्यांचे भाषण न वाचणे, या दोन गोष्टी एकत्र नांदत असतील, तर ज्या भक्तीविषयी त्यांनी सावध केले, तिचाच तो एक प्रकार होय. कृतज्ञता ग्रंथाकडे नेते. नुसती भक्ती चौथऱ्यापाशी थांबते.

तिसरा इशारा : तीन तत्त्वांची एकता

तिसरी गोष्ट ही भाषणाचे शिखर आहे. केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नये. तिचे रूपांतर सामाजिक लोकशाहीत झाले पाहिजे. सामाजिक लोकशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता व बंधुता ही जीवनतत्त्वे मानणारी जीवनपद्धती. ही तीन तत्त्वे वेगळी काढता येत नाहीत. समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचे वर्चस्व. स्वातंत्र्यावाचून समता म्हणजे व्यक्तीच्या कर्तृत्वाचा लोप. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य व समता सहजधर्म होणार नाहीत. त्यांच्या अंमलासाठी शिपाई उभा करावा लागेल.

हे सांगून बाबासाहेब समाजाकडे बोट दाखवितात. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत. राजकारणात एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य. सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक परिश्रमाने उभारलेली ही राजकीय लोकशाही उद्ध्वस्त करतील. बंधुतेविषयी तर ते अधिक कठोर आहेत. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? जाती या राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या सामाजिक जीवनात अलगपणा आणतात आणि परस्परांत मत्सर व तिटकारा उत्पन्न करतात. राष्ट्र असेल तरच बंधुता वास्तवात येऊ शकते. आणि बंधुता नसेल तर समता व स्वातंत्र्य ही रंगाच्या हाताहून खोल जाणार नाहीत.

येथे 'बंधुता' या शब्दाचा उद्देशिकेतील इतिहास पाहावा. पंडित जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, समता, स्वातंत्र्य हे शब्द होते, बंधुता नव्हती. ती मसुदा समितीने घातली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये मसुदा सादर करताना, बंधुभावाची गरज कधी नव्हती इतकी आज आहे, असे कारण दिले. फाळणीचा रक्तपात व गांधीजींची हत्या यांची ती पार्श्वभूमी होती. उद्देशिकेत बंधुतेच्या अर्थाची फोडही केलेली आहे : व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता. 'एकात्मता' हा शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आला. क्रम पाहण्याजोगा आहे. आधी व्यक्तीची प्रतिष्ठा, मग राष्ट्राची एकता. ज्या एकतेत कोणाची प्रतिष्ठा गहाण पडते, तिला उद्देशिकेचा आधार नाही.

बंधुता आणि मेत्ता

या तीन तत्त्वांचे मूळ कोठे? १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ते बुद्धवचनात दाखविलेले नाही. तेथे बौद्ध उल्लेख कार्यपद्धतीपुरता आहे. हा भेद पाळला पाहिजे. मुळाविषयीचे विधान ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात येते. आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता व बंधुता या तीन शब्दांत सामावले आहे. ते फ्रेंच राज्यक्रांतीवरून उसने घेतलेले नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले आहे, असे त्यांनी तेथे सांगितले. बंधुतेला त्यांनी सर्वोच्च स्थान दिले, कारण स्वातंत्र्य किंवा समता नाकारली जाऊ नये, याची खरी हमी कायदा नव्हे, तर बंधुता देते. त्यांच्या पश्चात प्रकाशित झालेल्या लेखनात बंधुतेपेक्षा 'मैत्री' हा बुद्धांचा शब्द अधिक योग्य असल्याचेही त्यांनी म्हटले आहे.

पाली ग्रंथांत मैत्रीला आशय कोणता? कोसंबीचा प्रसंग पाहावा. तेथील संघ एका किरकोळ दोषावरून दुभंगला. दोन्ही पक्षांना नियम ठाऊक होते. एका बाजूस विनयधर होता, दुसऱ्या बाजूस बहुश्रुत. तथागतांनी समजावूनही कलह थांबेना, तेव्हा ते तेथून निघून गेले. वाटेत त्यांना अनुरुद्ध, नंदिय व किंबिल हे तिघे भेटले. दूध व पाणी मिसळावे तसे ते एकोप्याने राहत होते. हे कसे साधते, असे विचारता अनुरुद्ध म्हणाले की, मी या सोबत्यांशी कायेने, वाचेने व मनाने उघड आणि एकांतातही मैत्रीने वागतो; माझी इच्छा बाजूस ठेवून त्यांच्या इच्छेने चालतो; आमचे देह भिन्न, पण चित्त जणू एक. दोन्ही चित्रांत विनय तोच आहे, फरक मैत्रीचा आहे. नियम असूनही कोसंबीचा संघ फुटला. बंधुतेवाचून बाकीची दोन तत्त्वे रंगाच्या हाताइतकीच, या विधानाला याहून चांगले भाष्य आम्हांस ठाऊक नाही.

मज्झिमनिकायातील कोसंबिय सुत्तात तथागतांनी एकोपा निर्माण करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. पहिल्या तीन म्हणजे काया, वाचा व मन यांनी मैत्री. चौथी गोष्ट अशी की, धम्मानुसार मिळालेला लाभ, अगदी भिक्षापात्रातला घाससुद्धा, शीलवान सोबत्यांत वाटून घ्यावा. पाचवी समान शील, सहावी समान सम्यक दृष्टी. वाटून घेणे येथे मैत्रीच्या लगेच नंतर येते, हे लक्षात घ्यावे. केवळ गोड भावनेला मैत्री म्हणत नाहीत. ती अन्नाच्या वाटणीपर्यंत पोहोचते. राजकीय समतेशेजारी आर्थिक विषमता नांदू देणारी बंधुता अपुरी आहे, ही बाबासाहेबांची तक्रार याच अंगाने समजते.

समतेविषयी चुल्लवग्गातील उपालीची कथा सर्वश्रुत आहे. शाक्य कुमारांनी प्रव्रज्येच्या वेळी तथागतांस विनंती केली की, आमचा न्हावी उपाली यास आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांस त्याला वंदन करावे लागेल व आमचा शाक्यपणाचा अभिमान गळेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे संगायन याच उपालींनी केले. संघाचा कायदा न्हाव्याच्या मुखातून निश्चित झाला. अडीच हजार वर्षांच्या जवळपास अंतराने राष्ट्राच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद, ज्यास शाळेत वेगळे बसविले गेले त्याच्याकडे आले. या दोन घटना शेजारी ठेवण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

प्रश्न अजून खुला आहे

महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी वस्सकारच येतो. अजातशत्रूला वज्जींवर स्वारी करावयाची आहे. वज्जी वारंवार सभा भरवितात, एकोप्याने जमतात व एकोप्याने उठतात, प्रस्थापित नियम मोडीत नाहीत, अशा सात गोष्टी ते पाळतील तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागत सांगतात. अट्ठकथा पुढचा भाग सांगते : वस्सकार वैशालीत जाऊन राहिला, माणसामाणसांत संशय पेरला आणि सुमारे तीन वर्षांनी एकत्र येण्याची दवंडी पिटली, तेव्हा कोणी जमेना. नगरी न लढता पडली. संथागार उभा होता, नियम ठाऊक होते. बंधुता सरली होती. दुसऱ्यांदा गमावू काय, हा १९४९ चा प्रश्न या जुन्या घटनेच्या छायेत विचारलेला आहे.

राष्ट्राचा प्रश्न मोठा वाटतो, पण त्याचे उत्तर लहान सभांतून घडते. विहार समिती, शिक्षणसंस्था, गावातील मंडळ, ही आपली संथागारे आहेत. तेथे सूचना सर्वांस पोहोचते काय? गणसंख्या खरीच पुरी असते, की सह्या नंतर घेतल्या जातात? विरोधात बोलणारा शत्रू ठरतो काय? हिशेब मांडला जातो काय? स्त्रिया केवळ सतरंजीवर बसतात, की ञत्ति मांडतात? एका गटाचा विहार व दुसऱ्या गटाचा विहार एकाच वस्तीत समोरासमोर उभे राहतात, तेव्हा आपण कोसंबीत असतो. जातीची उतरंड मोडून बाहेर पडलेल्यांत पोटजातीचे विवाहसंबंध टिकून राहतात, तेव्हा भाषणातील सर्वांत कठोर वाक्य आपल्याच दारात येऊन उभे राहते.

म्हणून आमची वाचकांस एक साधी सूचना आहे. येत्या २५ नोव्हेंबरला आपल्या विहारात हे भाषण समग्र वाचावे. वाचनास सुमारे एक तास पुरेल. त्यानंतर आपल्या समितीच्या कार्यपद्धतीचा एक तरी नियम ञत्तिपूर्वक, तीनदा विचारून, सर्वांच्या समक्ष निश्चित करावा. आणि ज्याचा विरोध असेल त्यास आधी बोलू द्यावे.